देव काय सासरा हाये?

गोमतीबाईचा पदर खांद्यावर असायचा, कमरेला खोचलेला असायचा, घाम पुसायला हातात असायचा; डोक्यावर मात्र कधीच नसायचा. रिसोडच्या अलीकडे रस्त्याला लागून जी थोडी ख्रिस्ती घरं आहेत, तिथं हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. वस्तीत नवी सून आली की शेजारणी तिला आधीच बजावून ठेवायच्या, की त्या फॉल-पिकोवाल्या गोमतीबाईसमोर पदराचा विषय काढू नको, ती मशीन थांबवून भांडते.

आणि तिच्याच पोटच्या पोरीनं, पिंकीनं, रविवारच्या मिस्सेला, म्हणजे उपासनेला, भर चर्चमध्ये डोक्यावर पांढरी ओढणी घेतली.

पिंकी वाशीमच्या एका दवाखान्यात नर्स होती आणि सुट्टी मिळेल त्या रविवारी घरी यायची. त्या दिवशी दोघी मायलेकी नेहमीसारख्या पुढच्या बाकावर बसल्या. प्रवेशगीत सुरू झालं तसं पिंकीनं पर्समधून जाळीच्या कापडाचा तुकडा काढला, डोक्यावर घेतला आणि हात जोडले. गोमतीबाई गाता गाता थांबली. मागच्या बाकांवर कुजबूज झाली ती तिला पाठीतून ऐकू आली. मिस्सा कधी सुरू झाली आणि कधी संपली, तिला काही कळलं नाही.

तिचा राग समजायचा तर तिचा डावा कान पाहावा लागतो. कान कसला, कानाच्या जागी उरलेली एक गाठ, आणि तिच्या वरच्या बाजूला तळहाताएवढ्या जागेत केस नाहीत. अनसिंगहून लग्न होऊन ती इथं आली तेव्हा सासऱ्यासमोर आणि भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, नाकापर्यंत पदर ओढायची रीत होती. घर ख्रिस्ती झालं, क्रूस भिंतीवर आला, पण ती रीत कुठं गेली नाही. एके दिवशी चुलीपुढं भाकरी थापताना सासरा न खाकरता आत आला. हिनं पिठाच्या हातानं घाईघाईत पदर ओढला आणि त्याचं टोक चुलीत गेलं. साडी नायलॉनची. नवऱ्यानं रांजणातलं पाणी बादलीनं ओतलं म्हणून जीव वाचला. सासरा दारातूनच म्हणाला, "साधा पदर घेता येत नाई हिले."

तेव्हा तिचा नवरा, ज्यानं बापासमोर कधी मान वर केली नव्हती, एवढंच बोलला, "आजपासून माह्यी बायको डोक्यावर पदर घेणार नाई." जन्मभरात तो बापाला उलटून बोलला ते हे एकच वाक्य. पुढं सासरा गेला, मग नवराही गेला. वाक्य तेवढं गोमतीबाईनं जपलं. भाजलेली बाजू न झाकता ती बाजारात गेली, लग्नांना गेली, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसली. सुरुवातीला बायका तोंड फिरवायच्या. मग त्यांना सवय झाली, आणि हळूहळू त्यांच्यातल्या कितीतरी जणींचे पदरही खांद्यावर उतरले.

सवय झाली नाही ती भासऱ्याला. देवमन रिसोडच्या बाजारात मापाडी होता. जन्मभर दुसऱ्याच्या सोयाबीनचं वजन केलं आणि काम सुटल्यावर चर्चच्या कमिटीत बसून माणसांचं करू लागला. उघड्या डोक्याच्या भावजयीशी बोलायचं नाही असं त्यानं त्या वेळी ठरवलं ते आजपर्यंत पाळलं होतं. काही सांगायचंच असेल तर तो तिच्यादेखत दुसऱ्याला सांगायचा. दुसरं कोणी नसेल तर दारातल्या बकरीला सांगायचा.

घरी आल्या आल्या गोमतीबाईनं पोरीला धारेवर धरलं.

"काहून घेतलं ते डोक्यावर? कोणी सांगतलं तुले?"

"कोणी नाई सांगतलं, आई. मले वाटलं."

"तुले वाटलं! तुह्या मायचा कान कायनं गेला हे माहीत हाये ना तुले?"

"माहीत हाये. पण ते आजोबासाठी होतं. हे मी देवासाठी घेतलं."

"देव काय सासरा हाये? तो घरात आला का पदर ओढा!"

यावर पिंकीला हसू आलं आणि तेच चुकलं. गोमतीबाईनं हातातला तांब्या आपटला. पोरगी जवळ येऊन बसली. "आई, आयक तं खरी. दवाखान्यात दिवसभर मले दहा जण हाका मारतात. चर्चमधी बसलं तरी माह्यी मान फिरूनच राह्यते. कोण आलं, कोण काय नेसलं, कोण माह्याकडं पाहून राह्यलं. ते डोक्यावर घेतलं का दोन्हीकडची दारं लावल्यावानी होते. समोर वेदी तेवढी दिसते. लय दिवसानं मले प्रार्थना करता आली."

गोमतीबाई आणखीच चिडली. पिंकीनं ओढणी पुढं केली. रिसोडात कैलासचंदच्या कापडदुकानातून तुकडा आणून तिनं हातानंच काठ शिवला होता. टाके असे वाकडे, की दोन वेळा धुतली तर उसवावी.

"मशीनवर एवढा काठ मारून देशील?"

"माह्या मशीनवर ते चढणार नाई," गोमतीबाई म्हणाली आणि मशीनवर कव्हर टाकून मोकळी झाली.

पिंकीनं ओढणी घेणं सोडलं नाही. पुढच्या खेपेला कॉयरमध्ये गाणाऱ्या दोन पोरींनीही हौसेनं ओढण्या घेतल्या. बायका काही बोलल्या नाहीत. बोलला देवमन. त्याला तर आयतंच घबाड सापडलं. ज्या बाईनं घराण्याची रीत मोडली तिच्याच पोरीनं ती उचलून धरली, असं तो हॉटेलात चहा पिता पिता सांगू लागला. एका रविवारी मिस्सा संपली, फादर लिओ झगा उतरवायला आतल्या खोलीत गेले, तेवढ्यात यानं माईक हातात घेतला.

"पुढच्या रविवारपासून सगळ्या बायका डोकं झाकून येतील. संत पौलानं लिहून ठेवलं हाये. लेकरायले समजते, मोठ्यायले समजत नाई. ज्यायले जमत नसेल त्यायनं बाहेर मंडपात बसावं."

बोलताना तो छताकडं पाहत होता, पण ते कोणासाठी होतं हे छतालाही कळलं असेल.

बाहेर आल्यावर पिंकी संतापली. "फादरले सांगू आपण. असं कसं कोणी ठरवते?"

"फादर पोरगा चांगला हाये. पण दोन वर्षांनी त्याची बदली होते. तुहा मोठा बाप इथंच राह्यते," गोमतीबाई म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "पाह्यलं? दोरी तू देल्ली, फास त्यानं केला."

पिंकीचे डोळे भरले. गोमतीबाईला वाईट वाटलं, पण शब्द तोंडातून निघून गेला होता. आठवडाभर मशीन चालवताना तिच्या डोक्यात एकच घोळत राहिलं. पदर घेतला तर नवऱ्याचं ते वाक्य गेलं, आपला सगळा जन्म गेला. नाही घेतला तर मंडप. ज्या बाकावर बसून तिनं नवऱ्यासाठी रडून घेतलं, पोरीच्या परीक्षेसाठी नवस बोलले, त्या बाकावरून उठायचं. कोणासाठी? तर सोयाबीन मोजणाऱ्यासाठी! शनिवारी संध्याकाळी पिंकी आली तेव्हा तिनं सांगून टाकलं, "मी उद्या जाणार. अशीच जाणार. आणि माह्या बाकावर बसणार."

रविवारी चर्चच्या दारात देवमन टेबल मांडून बसला होता. टेबलावर टोपली, टोपलीत घडी केलेल्या ओढण्या. कोणी विसरून आली तर असावी म्हणून. काही बायका पदर घेऊन मुकाट्यानं आत गेल्या. काही बाहेरच रेंगाळत होत्या. गोमतीबाई आणि पिंकी पायऱ्या चढल्या. पिंकीच्या डोक्यावर ओढणी होती, गोमतीबाईचा पदर खांद्यावर.

देवमननं टोपली पुढं सरकवली, पण बोलला पुतणीशी. "पिंके, सांग तुह्या मायले. आत जायाचं असन तं एक उचल म्हणा."

पिंकीनं एकदा आईकडं पाहिलं. मग डोक्यावरची ओढणी काढली, नीट घडी केली आणि त्याच्या टोपलीत सगळ्यांत वर ठेवली.

"मंग ही बी ठेवा, मोठे बाबा. मी माह्या मनानं घेत होती. हुकमानं नाई घेणार."

आणि आईचा हात धरून ती आत गेली. देवमन उठेउठेपर्यंत दोघी पुढच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांच्या मागोमाग रेंगाळलेल्या बायका आत शिरल्या, कोणी पदर घेऊन, कोणी तशाच. म्हाताऱ्या कमलीबाईनं जन्मात डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नव्हता. ती गोमतीबाईला खेटून बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "सरक व जराशी. त्या मापाड्याच्या मापात मी बी बसत नाई."

गोमतीबाईची छाती अभिमानानं भरून आली. पोरगी आपली निघाली. मिस्सा सुरू झाली, वाचन झालं, प्रवचन झालं. तिनं सहज शेजारी पाहिलं. पिंकीचे हात जोडलेले होते, पण मान फिरत होती. मागं कोण हसलं, तिकडं. दारात कोण उभं, तिकडं. मधूनच तिचा हात डोक्याकडं जायचा आणि रिकामाच खाली यायचा. पोरगी प्रार्थना करत नव्हती. तिला करता येत नव्हती.

तेव्हा गोमतीबाईला उमगलं. पोरीनं ओढणी काढली ती आईसाठी. म्हणजे देवमननं बोट नाचवलं आणि पोरीला हवं ते तिच्या डोक्यावरून गेलंच. घ्यायला लावलं काय नि काढायला लावलं काय, हुकूम त्याचाच चालला. आणि आपण तिला काय दिलं? मशीनवर कव्हर टाकलं. सासऱ्यानं आपलं ऐकलं नव्हतं. आपण तरी पोरीचं कुठं ऐकलं?

ख्रिस्तप्रसादाच्या आधी सगळे गुडघे टेकून होते. गोमतीबाई एकटी उठली आणि मधल्या वाटेनं मागं चालू लागली. अख्खं चर्च वळून पाहू लागलं. ती दारातल्या टोपलीपाशी थांबली आणि वरचीच पांढरी ओढणी उचलली. देवमनचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तो तिच्याशी थेट बोलला, "आली ना ताळ्यावर?"

गोमतीबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग डावी बाजू, ती कानाची गाठ, त्याच्या तोंडासमोर येईल अशी वळली आणि ओढणी हातात घेऊन आली तशीच पुढं निघाली. वेदीपाशी फादर लिओ हात जोडून थांबले होते. बाकापाशी पोचल्यावर तिनं ती जाळीची ओढणी झटकली आणि पिंकीच्या डोक्यावर घातली. दोन्ही बाजू सारख्या केल्या, जशी लहानपणी तिची वेणी सारखी करायची.

"आई, पण तू..."

"मी अशीच बरी हावो. तुले पाह्यजे होतं ना? घे. माह्या हातानं घे. आता कोण काढते ते पाहू."

मागं देवमनची खुर्ची जोरात सरकली. कोणी वळून पाहिलं नाही. फादरांनी ख्रिस्तप्रसाद घ्यायला पुढं यायची खूण केली. पहिल्यांदा उठल्या त्या या दोघी, आई उघड्या डोक्यानं आणि लेक झाकलेल्या. पिंकीची मान आता सरळ होती आणि गालावरून पाणी वाहत होतं.

दोन पावलं गेल्यावर गोमतीबाईची नजर काठावर पडली. तिनं दातओठ खाल्ले, आणि ऐन रांगेत पोरीच्या कानाशी लागून म्हणाली, "किती वाकडे टाके मारले व पोरी. घरी चाल, मशीनवर घेऊ."