देवीला ताप

साधनाच्या लेकीच्या छातीवर आज पुन्हा कुणीतरी कुंकू थापलं होतं. 

पोर जन्मली तीच छातीचं मधलं हाड न जुळता. पातळ कातडीखाली हृदय उडताना उघड्या डोळ्यांनी दिसायचं. "हाडं कोवळी आहेत तोवर ऑपरेशन झालं तर पोरगी जगेल, वाढेल," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "छातीला कुणी हात लावू नका आणि लगेच नागपूरला न्या."

साधनाच्या नवऱ्यानं, विकासनं, मान डोलावली आणि गाडी सरळ आसेगावला घरी आणली. पाचवी पुजल्याशिवाय बाळंतिणीला कुठं न्यायचं नाही, हा त्याच्या आईचा, चतुराबाईंचा हुकूम. मुलगी झाली म्हणून दवाखान्यात नाक मुरडलं ते याच बाईनं. पण पाचवीला आलेल्या बायकांनी ते थडथडणं पाहिलं, एकीनं हात जोडले, आणि नकोशी नात घटकेत देवी झाली. नागपूर राहिलं बाजूला.

आता जिपा भरभरून माणसं येत. खोलीत उदबत्त्यांचा धूर, आंबलेलं खोबरं, त्यावर माश्या. तंबाखू मळलेल्या बोटांनी लोक त्या कातडीला हात लावत आणि तेच बोट कपाळाला टेकवत. साधनाला सगळ्यांची किळस येई.

आज पोरीनं दूध ओढणं सोडलं होतं. अंग तापलेलं, कुंकवाखाली कातडी सोललेली.

"आत्याबाई, इले ताप हाय. नागपूरले नेऊ द्या."

"देवीले कायचा ताप?" चतुराबाई म्हणाल्या. "लोकं उन्हात उभे हायत. निजव तिले पाटावर."

साधनानं विकासकडे पाहिलं. तो मोबाइल रोखून उभा होता. "पदर बाजूले कर," तो म्हणाला, "दिसून नाही राह्यलं."

तिनं पोरीला छातीशी धरलं आणि अंगणात आली. "देवीले दवाखान्यात न्या लागते. कोणाची गाडी हाय?"

आत्ताच लोटांगण घालून उठलेली माणसं आपापल्या चपला शोधू लागली. कामरगावहून भाविक घेऊन आलेल्या युसूफनं तेवढं जीपचं दार उघडलं. "बस बहन. कायले इचारतं त्याइले?"

जीप सुरू झाली तसा विकास पिशवी घेऊन धावत आला. काही झालं तरी बाप आहे, येतोय सोबत, असं वाटून साधनाचा जीव थोडा खाली पडला. ती सरकून बसली.

त्यानं पिशवी आत ठेवली आणि खिडकीवर हात टेकून वाकला.

"सांजच्याले मालेगावचे लोकं येऊन राह्यले. तवरी वापस येशीन ना?"

त्याच्या अंगठ्याला कुंकू लागलेलं होतं. ओलं होतं अजून.

साधनानं तो हात खिडकीवरून ढकलून दिला.

"चाला, युसूफभाऊ."