सीगलवरचा डाग

पडदा सरकला आणि माझा मेलेला पक्षी पांढराशुभ्र निघाला.

मी माईक धरून उभी. समोर चौदा शाळांची मुलं, त्यांचे शिक्षक, पालक, आणि पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे सपत्नीक. चित्राखाली माझ्याच अक्षरातली चिठ्ठी होती : 'तेलाने मेलेला समुद्रपक्षी. मेघाली, इयत्ता नववी.' आणि वर कापडावर सीगल पंख पसरून असा निवांत पडलेला, की आत्ताच आंघोळ करून उन्हाला आलाय.

कुणीतरी फिसकन हसलं.

चित्र असं नव्हतं हो! तालुक्याच्या स्पर्धेत सगळे कार्डशीटवर तेच ते काढतात. पृथ्वीच्या तोंडात थर्मामीटर, नाहीतर रडणारा मासा. मला तसलं काही करायचंच नव्हतं. मी मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचा तुकडा चौकटीवर ताणला आणि बारा दिवस बसून त्यावर पक्क्या रंगांनी सीगल रंगवला. एकेक पीस वेगळं. आणि शनिवारी शेजारच्या कारखान्यातल्या फिटरकाकांकडून बाटलीभर जळकं ऑइल आणून त्याच्यावर ओतलं. काळा रंग नाही, खरं तेल! समुद्रात जहाज फुटल्यावर पक्ष्यांचं होतं तसं झालं. पिसं चिकटली, चोच बुडाली. माझं मलाच बघवेना, म्हणजे चित्र जमलं होतं. फोटो पाठवला तर चित्रकलेच्या सरांचा लगेच फोन. "मेघाली, हे ठाण्याला जाणार." पहिला नंबर म्हणजे ठाणे, आणि ठाण्यानंतर मुंबई. मुंबईला कुठला ड्रेस घालायचा तेही मी ठरवून टाकलं होतं.

पण घरात काशीआत्या होती.

काशीआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवऱ्याने टाकली तेव्हा अंबाडीहून आमच्याकडे आली, माझ्या जन्माच्याही आधी. तेव्हापासून ती कापडाच्या गोडाउनमध्ये डाग काढते. एवढंच तिचं काम. लूमचं तेल उडतं, ताग्यावर काळे डाग पडतात. आत्या ट्यूबलाइटखाली तागा उलगडते, डागावर औषध लावते, चिंधीने टिपते, आणि पुढच्या डागाकडे सरकते. बावीस वर्षं. त्या औषधाने तिचं नाक कधीच गेलंय. भाजी करपली की मी ओरडते, "आते, वास येत नाही का?" आणि ती म्हणते, "न्हाय गं बाय."

रविवारी मी रुचिकाकडे भाषणाची तयारी करायला गेले होते. चित्रासोबत दोन मिनिटं बोलायचं असतं. सातवीपर्यंत मी हजेरीलासुद्धा तोंडातल्या तोंडात बोलायचे. यंदा ऑगस्टमध्ये वक्तृत्वात नंबर आला आणि मला शोध लागला की लोक आपलं ऐकतात, आणि हसवलं तर जास्तच ऐकतात.

माझ्यामागे घरी काय झालं ते मला आईने नंतर सांगितलं. आत्याने चित्र बघितलं आणि मटकन खाली बसली. "कोनी केलं ह्ये? पोरीचं बारा दिसांचं काम, कोनी नासवलं?" आईला काही माहीत नव्हतं. आत्याने उत्तराची वाटही पाहिली नाही. औषधाची बाटली काढली, काडीला कापूस गुंडाळला आणि गॅलरीत बसली ती ऊन जाईपर्यंत उठली नाही. जेवलीसुद्धा नाही. मी आले तेव्हा चित्र जुन्या चादरीत बांधून तयार होतं.

"झालं बाय सगलं," ती म्हणाली. "आता काय घोर न्हाय."

मला वाटलं, बांधाबांधीचं बोलतेय. मी आरशासमोर भाषण म्हणत होते. "बरं बरं," म्हटलं. सोमवारी सकाळी ते गाठोडं न सोडताच हॉलवर चित्रं लावणाऱ्यांच्या हाती दिलं.

आणि आता ती तिसऱ्या रांगेत होती. खास माझ्यासाठी कामावर खाडा करून, मोरपंखी साडी नेसून. शेजारच्या बाईला कोपराने ढोसत होती. "त्यो बगला बग! आमच्या पोरीचा हाय."

एका क्षणात मला सगळं कळलं. सरांनी कपाळाला हात लावला होता. हसू मागच्या रांगेपर्यंत पोचलं होतं. आणि माझं भाषण 'या पक्ष्याला आता उडता येणार नाही' असं सुरू होत होतं!

मग मी जे केलं, ते मला फार छान जमलं.

"मित्रांनो," मी म्हटलं, "हा पक्षी कालपर्यंत मेलेला होता. पण आमच्या घरी एक डॉक्टर राहतात. आते, हात वर कर गं!"

आत्याने लगेच हात वर केला. केवढी खूश!

"बघा. ही माझी आत्या. गोडाउनमध्ये कापडाचे डाग काढते. हिला वाटलं, शेटजीचा तागा आहे. धुतला, पुसला, घडी घालायचीच काय ती राहिली होती!"

हॉलभर हशा फुटला. मला थांबता येईना. "सरकारने कशाला खर्च करावा? हिला एक बादली आणि चिंधी द्या, अरबी समुद्रावर सोडा. आठवड्यात समुद्राचे तागे बांधून ठेवील!" मग मी आत्याची नक्कल केली. मान तिरकी करून, डोळे बारीक करून, कापडाला नाक लावून : "ह्यो डाग कुटला गं बाय? मना वासच येत न्हाय!" पाहुणे रुमालाने डोळे पुसत होते.

आत्याचा हात अजून वरच होता. शेजारच्या बाईने तो धरून खाली घेतला.

पहिला नंबर रडणाऱ्या माशाला गेला. मला 'उत्कृष्ट सादरीकरण'ची ट्रॉफी मिळाली. टाळ्या सगळ्यांत जास्त मलाच.

कार्यक्रमानंतर आत्या चित्रासमोर उभी होती. पाहुण्यांच्या पत्नी तिथे आल्या, पदर पुढे धरून हसत म्हणाल्या, "मावशी, आमच्याही घरी या हं! हा डाग बघा, केव्हाचा आहे."

आत्याने पदर उजेडात धरला, उलटा करून पाहिला. "चहाचा हाय. जुना झाला. ह्यो आता न्हाय निघायचा," तिने सांगितलं. "उगाच घासू नका, पदराची जर जाईल." त्या हसायच्या थांबल्या आणि निघून गेल्या.

मी ट्रॉफी घेऊन जवळ गेले. आत्याने चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. तेलाने मेलेला समुद्रपक्षी.



"मंग सांगायचं व्हतं ना मना," ती म्हणाली. "त्यो मरायचाय म्हून." आणि मग, "मी डोल्यातलं पयलं काढलं. तितं लय झोंबतं."

एवढ्यात फोटोग्राफर आला, मागोमाग पाहुणे. "ट्रॉफीवाली मुलगी कुठाय? चित्राजवळ उभी राहा. मावशी, जरा बाजूला. चित्रावर सावली पडतेय."

आत्या बाजूला झाली.

"अजून थोडं."

ती अजून सरकली. मग खुर्च्यांच्या रांगेतून दाराकडे गेली. अर्धा दिवस तरी भरेल म्हणून गोडाउनला निघाली असावी. मी हाक मारणार होते, पण फोटोग्राफर म्हणाला, "हसा," आणि मी हसले.

तो फोटो शाळेच्या फळ्यावर लावलाय. त्यात पाहुणे आहेत, मी आहे आणि आमच्या मध्ये तो सीगल. जवळ जाऊन बघितलं तर त्याचं एकेक पीस मोजता येतं.