कुठल्याच गटात नसलेल्या तक्रारी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. उरवड्याच्या एका कारखान्याच्या अडगळीत पोत्याखाली पडलोय. तुम्ही म्हणाल, यंत्राला कसली आलीय भीती? म्हणा बापडे. माझ्या पोटात जे होतं ते तुमच्या पोटात असतं, तर तुमच्याही तोंडचं पाणी पळालं असतं.

२००३ साली मला पुण्याहून टेम्पोत घालून आणलं. हार घातला, नारळ फोडला आणि त्याचं पाणी नेमकं माझ्या कीबोर्डवर सांडलं. पहिल्याच दिवशी आजारपण! पण पुढे मी नेटानं काम केलं. कारखान्यात काही बिघडलं की कामगार माझ्यापाशी येऊन तक्रार नोंदवायचा. तो पत्रा दाबणाऱ्या प्रेसवरचा, रंगकामाचा की कॅन्टीनचा, हे पाहून मी ती त्या गटाच्या यादीत टाकायचो. यादी बघून ऑफिसातली मृण्मयी दुरुस्तीला माणूस पाठवायची. ही लातूरकडची मुलगी शंभूच्या घरी भाड्यानं राहायची. शंभू आमच्याच प्रेसवर कामाला होता. साहेब पाहुण्यांपुढे माझं कौतुक करायचे आणि मी फुशारून जायचो.

मग एका वर्षी गणपती जवळ आले. ऑफिस सांभाळणाऱ्या बंडोपंतांना मंडळाच्या लोकांना एकदम निरोप धाडायचे होते. म्हणून त्यांनी माझ्यात 'गणपती मंडळ' हा नवा गट केला आणि शंभूसकट सगळ्या कार्यकर्त्यांची नावं त्यात घातली. त्यांचा हेतू चांगलाच होता हो. पण मला लावून दिलेला नियम हटवादी. माणूस एकाच गटात असेल तरच त्याची तक्रार जुळवायची. शंभू आता दोन गटांत होता, त्यामुळे त्याची तक्रार कुठल्याच यादीत गेली नाही. ती माझ्या आत नुसती पडून राहिली.

आणि तक्रार तरी कसली! प्रेसच्या तोंडाशी एक सेन्सर असतो. आत हात असला की तो प्रेस खाली येऊ देत नाही. तो सेन्सर मधूनच बंद पडतोय, असं शंभूनं नोंदवलं होतं. आता कुणीतरी येईलच, या भरवशावर तो काम करत राहिला. घरी त्यानं विषय काढला नाही. भाडेकरू पोरीला जेवताना कामाचं काय विचारायचं, असं त्याला वाटे.

मृण्मयी रोज मला विचारायची, प्रेसच्या तक्रारी दाखव. मी शून्य दाखवायचो. बंडोपंत खूश. म्हणायचे, "बाप्पाची कृपा. तक्रारी कमी झाल्या बघ." माझा जीव मात्र टांगणीला लागलेला. विचारलं तेवढंच सांगायचं, हा आमचा स्वभाव. भिंतीपलीकडे प्रेस खाली आपटली की माझं टेबल हादरायचं आणि दर हादऱ्याला मला वाटायचं, गेला, शंभूचा हात गेला.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीनंतर शंभूच आला.

"ताई, आमच्या सेन्सरचं काय झालं?"

"कुठला सेन्सर? तुमची तक्रारच नाही, दादा."

"न्हाई कशी? हितंच बसून टाकली की मी."

तिनं प्रेसची यादी उघडून दाखवली. "राहून गेली असेल तुमच्याकडून."

"मंजी मी खोटं बोलतोय व्हय?" शंभू तडक कामावर निघून गेला.

मृण्मयी चपापली. गट सोडून तिनं नुसतं शंभूचं नाव टाकलं आणि मी घाईघाईनं तक्रार पुढे केली. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. ती धावत सुटली.

टेबल हादरलं. पुन्हा हादरलं. मग एकदम थांबलं.

प्रेस तिनं थांबवली, की आत हात सापडून थांबली? मला काही कळेना. मित्रांनो, तेवढा वेळ मी कसा काढला, माझं मला माहीत.

दोघं आत आले. शंभूचे दोन्ही हात धड होते. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "ताई, आनखी कुणाकुणाची हाय आत?"

हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. कुठल्याच गटात न बसलेल्या सगळ्या तक्रारी दाखव, असं मृण्मयीनं सांगितलं आणि मी होतं नव्हतं ते सगळं ओतलं. पहिलीच होती कॅन्टीनमधल्या गौतमीची. गौतमी म्हणजे शंभूची बायको. मंडळाचा प्रसाद तीच करायची, म्हणून तीही दोन गटांत. तिनं नोंदवलं होतं, गॅसचा वास येतोय.

शंभू ताडकन उठला. "घरी बोलली न्हाई ती," तो कसाबसा म्हणाला.

"तुम्ही तरी कुठे बोललात?" मृण्मयी म्हणाली. पण तोवर तो दाराबाहेर पडलाही होता.

नळी चिरली होती. कॉक वेळेत बंद झाला. मृण्मयीनं नियम दुरुस्त केला, तरी तो प्रश्न ती रोज विचारत राहिली.

पुढे ती हिंजवडीला दुसऱ्या नोकरीवर गेली. माझ्या जागी नवा संगणक आला आणि मला इथे टाकलं. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसू नका, हार नको, काही नको. तुमच्यापैकी कुणी या कारखान्यात लागलं, तर त्या नव्याला रोज एवढं विचारा, की कुठेच न बसलेली तक्रार आहे का. तो आपणहून सांगणार नाही. आणि प्रेस अजून चालू आहे.