बोटांना न कळणारी तार

अंकुश मेश्राम बावीस वर्षं भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत आला होता. डिसेंबरात त्याला लकव्याचा झटका आला. पुढे डाव्या हाताची बोटं हलायला लागली, पण त्यांना स्पर्श कळेना. मार्च उजाडला तरी हुडकेश्वरच्या घरात गिटार खोळीतच होती.

एका रविवारी बायको, कामिनी, सीताबर्डीच्या बाजारातून गिटार जोडायचा, पोळ्यांच्या डब्याएवढा स्पीकर, म्हणजे ॲम्प, घेऊन आली.

"काहून आणला वं?"

"सरावाचा हाय. फोन जोडला त यावर गाणेही वाजतात. वाजवून त पाहा. नाही जमलं त आठ दिवसांत वापस देता येते."

अंकुशने गिटारची वायर खोचली, आवाज वाढवला. पहिला सूर फुसका निघाला. तार बोटाखाली आली की नाही, हे बोट सांगत नव्हतं, कानानेच ओळखायचं. तो दाबत, सरकवत, पुन्हा दाबत राहिला. अर्ध्या तासाने एक सूर स्वच्छ वाजला. त्याच्या शेजारचा काही केल्या वाजला नाही.

"रक्त येऊन राहिलं," कामिनी म्हणाली.

तर्जनीचं टोक फाटलं होतं. "मले समजलंच नाही," तो म्हणाला.

तिने पट्टी बांधली. मग आपला फोन ॲम्पला जोडून गेल्या वर्षीच्या कामठीच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावलं. ढोलकी, लोकांचा गलका, आणि मध्येच सरसर वर चढत जाणारी त्याची गिटार. आता रडू येईल, असं अंकुशला वाटलं. आलं नाही. हा गिटारवाला शेवटी जरा घाई करतो, एवढंच मनात आलं.

गाणं संपल्यावर त्याने ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या पियुषला फोन लावला.

"चौदा एप्रिलले दुसरा गिटारवाला पाहून घे गा."

पियुष म्हणाला, "मंग तू साउंडवर बसजो, दादा. कोणाचा सूर कुठं सुटते, ते तुलेच समजते."

"पाहू."

फोन ठेवल्यावर कामिनीने विचारलं, "वापस करू का हा?"

"राहू दे."

तिने तिच्या आवडीचं गाणं लावलं आणि कणीक मळायला घेतली. अंकुश भिंतीला टेकून बसला. गाणं आवडतंय की नाही, हे त्याला सांगता आलं नसतं. पण त्याने ते बंद करायला सांगितलं नाही.