पहिल्या नंबरचा दवाखाना

आमच्या अभ्यासात डोंगराकडचं एक ग्रामीण रुग्णालय पहिलं आलं. नाव सांगत नाही, उगाच गर्दी व्हायची. २००४ साली पुण्याच्या एका संस्थेने रुग्णसेवेचा दर्जा आणि रुग्णांचं पुढे काय झालं, हे तपासायला नाशिक जिल्ह्यातली बावीस रुग्णालयं निवडली आणि फॉर्म भरायला मला निवडलं. माझ्याकडे समाजकार्याची पदवी होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मोटरसायकल होती.

फॉर्ममध्ये एकशे बारा प्रश्न होते. खिडक्यांना पडदे आहेत का, भिंतीवर रुग्णांच्या हक्कांचा फलक आहे का, असे. या रुग्णालयात पडदे हिरवेगार होते आणि फलक इतका उंच टांगला होता की हक्क वाचायला शिडी लागली असती. भुलीचे डॉक्टर फक्त गुरुवारी यायचे, म्हणजे ऑपरेशन गुरुवारीच. पण तसा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता, त्यामुळे गुण कापायची सोय नव्हती. समाधानाचे प्रश्न मी खाटेपाशी उभा राहून विचारायचो आणि माझ्या खांद्यामागे नर्सबाई उभ्या असायच्या. सगळ्यांचं उत्तर एकच, "चांगलं हाय."

आणि मृत्यू? तीन वर्षांत शून्य. मी नोंदवही तीनदा चाळली. माणसं कुठेही मरतात, पण इथे येऊन मरायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

फॉर्मच्या शेवटच्या भागासाठी काही रुग्णांच्या घरी जायचं होतं. यादीतलं एक नाव फुला, वय एकोणीस. शेरा होता, 'पुढील उपचारासाठी नाशिकला रवाना, प्रकृती स्थिर'. मी पत्ता शोधत पाड्यावर गेलो आणि तिच्या आईला, झुंबरबाईला, विचारलं की फुला आहे का घरात.

बाई नागली पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "ती तर गेली भाऊ, वरीस झालं."

पहिलं बाळंतपण म्हणून फुला माहेरी आली होती. मूल आडवं होतं आणि दिवस सोमवार होता. रुग्णालयाने चिठ्ठी दिली, नाशिकला न्या. रुग्णवाहिका दारात उभी होती, पण तिचा ड्रायव्हर पोलिओच्या लसी पोचवायला गेला होता. मग भाड्याची जीप शोधली. सावळघाट उतरल्यावर फुला गेली, पोटातल्या बाळासकट. नाशिकच्या डॉक्टरांनी जीपमध्येच वाकून पाहिलं आणि सांगितलं की ही आधीच गेलीय, आम्ही दाखल करून घेऊ शकत नाही.

मी पेटलो. म्हटलं, हा मृत्यू कुठे तरी लिहिलेला असणारच. माहेरच्या अंगणवाडीत गेलो. सेविका म्हणाली, लग्न झालेली मुलगी सासरची, आमच्या वहीत कशी येईल? सासरच्या गावी गेलो. तिथली सेविका म्हणाली, ती माहेरी असताना गेली, आमच्याकडे कुठे? रुग्णालय म्हणालं, आमच्याकडून निघाली तेव्हा जिवंत होती. नाशिकवाले म्हणाले, आमच्याकडे पोचली तेव्हा जिवंत नव्हती. चौघंही खरं बोलत होते. अशी ही पोर कायदेशीररीत्या कुठेच मेली नव्हती.

पुण्याहून येणाऱ्या तृप्ती मॅडम आमच्या प्रमुख. त्यांच्यासमोर मी फुलाचा फॉर्म ठेवला. त्यांनी तो शांतपणे वाचला. बाई वाईट नव्हत्या, फक्त उच्चशिक्षित होत्या. म्हणाल्या, "खूप वाईट झालं. पण पुढे पाठवलेले रुग्ण आपल्या व्याख्येत बसत नाहीत." व्याख्या बदलली तर बावीस रुग्णालयांची गणितं नव्याने करावी लागली असती आणि अहवाल छापायला गेला होता. मीही फार ताणलं नाही. पुढच्या फेरीचं काम मला हवं होतं. आज याची लाज वाटते, तेव्हा मी त्याला समजूतदारपणा म्हणत होतो.

पुढच्या फेब्रुवारीत सत्कार झाला. मांडव, शाल, नारळ, आणि मोठ्या डॉक्टरांचं भाषण की हे यश सगळ्या टीमचं आहे. टाळ्या वाजवायला पाड्यांवरच्या बायका ट्रॅक्टरमधून आणल्या होत्या. त्यांत झुंबरबाई होती. मला पाहून ती सरळ माझ्याकडे आली.

तिची धाकटी, आशा, सातव्या महिन्यात होती. तिचंही पहिलंच, म्हणजे माहेरीच यायची. नर्सबाईने झुंबरबाईला सांगितलं होतं की आता आपला दवाखाना जिल्ह्यात पहिला आहे, बिनघोर आण.

"भाऊ, तुमी बावीस दवाखाने पायलेत," ती म्हणाली. "तुमच्या कागदात ह्यो पयला हाय. मंग आशीला हितंच आनू का?"

माइकवरून माझंही नाव घेत होते, अभ्यासातल्या मोलाच्या योगदानाबद्दल. मी म्हणालो, "नका आणू."

ती वाट बघत राहिली. बरोबरच होतं. नका आणू एवढंच सांगून सुटायला मी काही अहवाल नव्हतो.

मग नाशिकला, सातपूरच्या कामगार वसाहतीतल्या आमच्या दोन खोल्यांत आशा आणि झुंबरबाई राहायला आल्या. बायकोने मला आधी चार शब्द सुनावले आणि मग आशाला जवळच्या मोठ्या दवाखान्यात नाव घालायला स्वतः रिक्षाने नेलं. आशाचंही मूल शेवटपर्यंत फिरलं नाही. एप्रिलमध्ये एका मंगळवारी ऑपरेशन झालं. मंगळवारीसुद्धा ऑपरेशन होतं, याचंच झुंबरबाईला नवल वाटत राहिलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

पावसाळ्यात दुसरी फेरी सुरू झाली आणि मी पुन्हा त्याच नोंदवह्या उघडल्या. पाहतो तर आशाची प्रसूती माहेरच्या अंगणवाडीच्या वहीत होती, सासरच्याही वहीत होती. नाशिकच्या दवाखान्यात तर होतीच. आणि जिथे तिने पाऊलही ठेवलं नव्हतं, त्या पहिल्या नंबरच्या रुग्णालयाने लिहिलं होतं, 'वेळेवर पुढे पाठवल्यामुळे माता व बालक सुखरूप'. एका पोरीने चौघांची आकडेवारी सुधारली होती.

पाड्यावर जाऊन मी झुंबरबाईला हे रंगवून सांगितलं. मला वाटलं, ती हसेल. नात मांडीवर झोपली होती, तिला ती थोपटत राहिली.

"चार जागी लिवलं," ती म्हणाली. "मंग फुलीचं एका जागी तरी लिव."

पुण्यातले लोक ते फेकून देतील, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, तरी लिव. मी नवा फॉर्म काढला. एकशे बारावा प्रश्न होता, 'इतर काही', आणि त्याच्यापुढे दोन ओळी. त्यांत मी फुलाचं नाव, वय, सोमवार, जीप, घाट, सगळं बारीक अक्षरात बसवलं. झुंबरबाईने ते वाचून दाखवायला लावलं.

"पान्याचं ऱ्हायलं," ती म्हणाली.

मला कळलं नाही. मग तिने सांगितलं. चिठ्ठी देताना नर्सबाईने बजावलं होतं की नाशिकला ऑपरेशन होणार, पोटात थेंबभर पाणी जाऊ देऊ नका. फुला अख्खी वाट पाणी मागत होती. कळशी जीपमध्येच होती.

"म्या नाय दिलं," ती म्हणाली. "नर्सबाईनं सांगितलेलं म्हनून नाय दिलं. ते लिव."

दोन ओळी तर कधीच भरल्या होत्या. मी फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला ती सांगेल तसं लिहायला लागलो.