निळी खळ

राघोच्या हातात खोट नव्हती. भिवंडीतल्या निम्म्या लूमचे चामडी पट्टे त्याच्याच रापीखालून जायचे. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि राघोची खोड होती मोरचूद. पट्टे चिकटवायची मैद्याची खळ शिजली की चिमूटभर निळं मोरचूद त्यात पडायचंच. बाप घालायचा, म्हणून हाही घालायचा. असल्या खळीला ना झुरळ तोंड लावत, ना बुरशी धरत. आता ते विष आहे हे त्याला ठाऊक होतं, पण चामड्याच्या पट्ट्याला त्याचं काय सुखदुःख?

श्रावणात गुलाम हुसेन शेट एका बाईंना घेऊन दुकानात आले. शेटचे चोवीस लूम राघोच्या पट्ट्यांवर चालायचे. बाई मुंबईत मुलींना बॅले नावाचा विलायती नाच शिकवायच्या. तो नाच पायाच्या बोटांच्या टोकांवर उभं राहून करतात, आणि त्याचे बूट परदेशातून येणं बंद झालेलं. शेटनी छाती ठोकून सांगून टाकलं होतं, "आमचा राघो करेल." मोठ्या माणसांचं बरं असतं. छाती ते ठोकतात आणि घाम दुसऱ्याला फुटतो.

बाईंनी आपल्या एका विद्यार्थिनीचा जुना गुलाबी बूट पुढे ठेवला आणि त्याची कुळकथाच सांगितली. फार पूर्वी या नाचातल्या बाया टाचांचे बूट घालायच्या. मग टाच गेली. पुढे दीडेकशे वर्षांपूर्वी त्या बोटांच्या टोकांवर उभ्या राहू लागल्या, तेव्हा पायात नुसत्या रेशमी सपाता असायच्या. टोकाला दोऱ्याचं रफू, बाकी सगळा जोर बोटांचा. नंतर इटलीतल्या कुणा कारागिरानं ते टोक कडक केलं.

"त्या कारागिराचं नाव काय?" राघोनं विचारलं.

बाईंना ते ठाऊक नव्हतं.

"वाटलंच," राघो म्हणाला.

आत लाकूड असणार अशी त्याची खात्री होती. उसवून बघतो तर लाकूड नाही, लोखंड नाही. नुसतं कापड आणि खळ, थरावर थर. तळाला चामड्याची पट्टी. डावा-उजवा हा भेदच नाही, पायानंच घालून घालून त्याला आपला आकार द्यायचा. शिवायचा उलटा आणि मग सुलटा करायचा. राघो हरखून गेला. कापड आणि खळ! भिवंडीत दुसरं आहे काय? त्यानं मांजरपाटाचे थर चिकटवले, वर शेटनी दिलेलं साटीन ओढलं आणि सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या बॉयलरशेजारी तीन दिवस जोड वाळवला. हवा पावसाळी, म्हणून मोरचूद दुप्पट घातलं. कार्यक्रमाआधी त्या मुलीच्या पायात रुळावा म्हणून जोड लगेच मुंबईला गेला.

त्याला आज सहा दिवस झाले होते. दुपारी तीनच्या सुमाराला राघोची बायको कमळ दुकान झाडत होती. तो उसवलेला जुना बूट उचलून ती दाराशी उजेडात गेली.

"ह्ये डाग कसलं वो?"

"जुन्या खळीचं आसतील."

"खळीचं न्हाय. रगत हाय ह्ये. बोटांपाशीच हाय, बघा."

राघोनं बूट हातात घेतला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्या अंगाचा भार बोटांवर, म्हणजे बोटं सोलवटणारच. आणि त्या सोलवटलेल्या बोटांभोवती घामानं भिजलेलं मोरचूद! एकदा आरीनं बोट फाटलेलं असताना त्यानं खळ कालवली होती, तर महिनाभर ते चिघळत होतं. ते त्याचं राठ बोट. ही तर पोर, मापावरून दहा-अकरा वर्षांची. आणि नाचाचा कार्यक्रम आजच, सहा वाजता, बाईंच्या क्लासमध्येच.

"म्यां पोरीच्या पायाला ईख बांधलं, कमळ," तो म्हणाला.

एस.टी.नं मुंबई गाठेपर्यंत सहा वाजून जाणार होते. फोन होता तो शेटच्या कारखान्यात. राघो अनवाणीच तिकडे धावत सुटला.

शेटनी ऐकून घेतलं आणि बाईंच्या क्लासला अर्जंट ट्रंक कॉल लावला. मग दोघं फोनकडे बघत बसले. चार वाजले, सव्वाचार झाले. घाबरलेल्या माणसाचं डोकं नको तिथंच धावतं. राघोला सुजलेला पाय दिसला, काळानिळा पडलेला पाय दिसला, मग डॉक्टर, मग करवत.

"शेट, माज्यापायी तुमची अब्रू गेली."

"अब्रू गई भाड में," शेट म्हणाले. "तू काय बोलणार ते ठरव आधी."

साडेचारला घंटा वाजली. लूमच्या खडखडाटात काही ऐकू येईना. शेट दाराशी जाऊन ओरडले, "बंद करो! सब बंद!" भर शिफ्टमध्ये चोवीसच्या चोवीस लूम थांबले.

"बाई, भिवंडीचा राघो बोलतोय. पोरीच्या पायातलं बूट काढा. खळीत मोरचूद हाय, ईख हाय त्ये. चूक माजी हाय."

पलीकडे बाईंनी कुणाला तरी हाक मारली. मग रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"राघो," बाई पुन्हा फोनवर आल्या तेव्हा त्यांचा आवाज पार उतरला होता. "ती चार दिवस सांगत होती, बोटं जळतात म्हणून. मी म्हटलं, सगळ्यांचीच जळतात. रागावले मी तिला."

"धुवा! आदी पाय धुवा, भरपूर पान्यानं, मग डाक्टर! पाय कसा दिसतोय, बाई?"

बाई पाणी आणायला धावल्या असाव्यात. फोनवर बारीक आवाज आला.

"अंकल, हे बूट तुम्ही केलेत ना? फार छान बसतात. आज मी सगळ्यांच्या पुढे आहे. एकच तास घालते ना. मी रडणार नाही. तुम्ही बाईंना सांगा."

उभ्या जन्मात राघोच्या कामाला कुणी असं छान म्हटलं नव्हतं.

"न्हाय," तो ओरडला. "न्हाय पोरी. हात लावू नको त्येला. जाळून टाक."

पलीकडे ती रडू लागली. तीन मिनिटं भरली आणि लाइन तुटली. राघो मात्र रिसीव्हर कानाला धरून "न्हाय, न्हाय" करतच राहिला. अखेर शेटनी तो त्याच्या मुठीतून सोडवून घेतला. कामगार आपापल्या लूमशी उभे होते, पण लूम चालू करा असं शेटनी बराच वेळ कुणाला सांगितलं नाही.