तार उपसली तरी पाणी

१९९१ सालचा एप्रिल. बर्फ वितळून नदी रोज वर चढत होती. बाहेर पंप धडधडत होते, आणि आमचे मिनेसोटातले अख्खे गाव चर्चच्या तळघरात एका यंत्रापुढे टोप्या काढून उभे होते. दोन काळी कपाटे, त्यांवर लुकलुकणारे शेकडो लाल दिवे.

"एकटा संगणक काय करणार बिचारा!" ते यंत्र घेऊन गावात आलेल्या डॉ. रॉइस पेंडरने हात पसरले. "इथे हजार मेंदू एकदम चालतात! नदीचा एकेक तुकडा एकेकाकडे. या कपाटात वरची नदी, त्या कपाटात तुमचं गाव. शेजारी शेजाऱ्याला सांगतो, 'घे बाबा, इतकं पाणी येतंय!' दिवे बघा, नदी विचार करतेय!"

पडद्यावर आकडा उमटला: पाणी बांधाच्या माथ्यापासून हातभर खाली थांबणार. काहींनी डोळे पुसले.

"मग वृद्धाश्रम हलवायला नको," महापौर ऑर्व्हिल स्टेन्सरूड म्हणाले.

बांधाला लागून असलेल्या त्या वृद्धाश्रमात माझी आई अंथरुणाला खिळून होती. तरी मी डॉक्टरांचा कप पुन्हा भरला. आमच्याकडे पाहुण्याला उलट विचारत नाहीत, कॉफी देतात.

शाळेत गणित शिकवणाऱ्या आर्डिस क्वालीबाईंनी मात्र कप खाली ठेवला. "डॉक्टर, ही जाड तार कसली?"

"दोन्ही कपाटं हिच्यातूनच बोलतात, बाई. यंत्राचा प्राण!"

"पुन्हा चालवा बरं."

त्याने कळ दाबली, तशी बाईंनी तार उपसली.

"अहो बाई! पाहुणे आहेत ते!" महापौर ओरडले.

"ऑर्व्हिल, वर्गातही तू उत्तर आधी लिहायचास आणि गणित मागून. गप्प बस."

दिवे लुकलुकतच राहिले. पडद्यावर तोच आकडा.

"वरचं पाणी या तारेतून यायचं ना? तार तर माझ्या हातात. मग गावात पाणी आलं कुठून?"

"यंत्राला... अंतर्ज्ञान..."

"अंतर्ज्ञान, की आधीच भरून ठेवलेलं उत्तर?"

अखेर तो कबूल झाला. त्याचे हजार मेंदू एकमेकांची वाट पाहत अडकून पडत. म्हणून आकडा आधीच भरलेला. दिव्यांची जोडणी निराळीच, गणिताशी संबंध नसलेली.

त्याच दुपारी आम्ही म्हाताऱ्यांना टेकडीवरच्या शाळेत हलवले. आठवडा सरायच्या आत बांधावरून पाणी गेले. वृद्धाश्रमाचे फक्त छप्पर दिसत होते.

पेंडर पुढे नाताळच्या दिव्यांच्या माळा विकू लागला. ऑर्व्हिल पुढची निवडणूक हरले. शाळेत तेव्हा मिळालेल्या बेचव जेवणाला नावे ठेवत आई आणखी काही वर्षे जगली. क्वालीबाई आता टेकडीवरच्या दफनभूमीत आहेत.

आज खरोखरच हजारो संगणक मिळून पुराचे गणित करतात. माझा त्यांच्यावर विश्वास आहे, कारण ते चालवणारी माणसे आपली तार स्वतःच उपसून बघतात. दिव्यांपुढे टोपी काढण्याआधी तुम्हीही विचारा: हे चालते कसे?